काळ्या मातीचे चार पत्ते

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याची डिजिटल ग्रंथालयाशी पहिली गाठ बहुधा बंद दाराशीच पडते. प्रोजेक्टसाठी गुगलवर काहीबाही शोधताना अचानक नेमका हवा तसा शोधनिबंध समोर येतो. शीर्षक जुळतं, गोषवारा जुळतो, आणि पीडीएफच्या बटणाला चिकटून डॉलरमधली किंमत दिसते. एका निबंधाचे तीस-चाळीस डॉलर, म्हणजे मेसचे महिन्याभराचे पैसे. त्याच पानावर बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते, तुमच्या संस्थेमार्फत आत या, अशा अर्थाची. ती कुणी वाचत नाही. पान बंद होतं आणि ‘पेपर मिळत नाही सर’ हे वाक्य गाइडपर्यंत पोचतं.

गंमत अशी, की पुष्कळदा त्या निबंधाचे पैसे कॉलेजने किंवा हल्ली सरकारने आधीच भरलेले असतात. दार उघडणार की नाही, हे मुलगा कुठल्या वायफायवर बसलाय यावर ठरतं. प्रकाशकाचा संगणक कॉलेजच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक ओळखतो. कॅम्पसवर बसून दुवा दाबला की निबंध उघडतो. तोच दुवा संध्याकाळी खोलीवर जाऊन मोबाइल डेटावर दाबला की पुन्हा डॉलर. मग वर्गात एक समज पसरतो, ‘ती साइट कधी चालते, कधी चालत नाही.’ बाहेरून शिरायची सोय असते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘इन्फेड’ नावाची व्यवस्था त्यासाठीच आहे. कॉलेजने दिलेलं नाव आणि पासवर्ड टाकला की खोलीही कॅम्पस होते. हे कुणीतरी एकदा, पाच मिनिटं काढून, पडद्यावर करून दाखवायचं असतं. चार वर्षांत ती पाच मिनिटं न मिळालेली मुलं डिग्री घेऊन बाहेर पडतात.

हा विषय मनात घोळत असताना मी नकाशावर मुद्दाम एक टोकाचं गाव धरलं, डही. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कुक्षीच्याही पुढे. निमाडचा मुलूख, भिल्ल-भिलालांची वस्ती, होळीच्या आधी भगोरियाचे बाजार. खाली नर्मदा, तिच्या पलीकडे थोडं पश्चिमेला सरकलं की आपल्या नंदुरबारचं धडगाव. मध्य प्रदेशात आपल्यासारखी एसटी उरलेली नाही, खासगी बसवर भिस्त. इंदूर-दाहोद रेल्वेमार्गाचं काम वर्षानुवर्षं चाललंय. अशा गावातून इंजिनिअरिंगला निघालेला मुलगा घरी भिलाली किंवा निमाडी बोलतो, शाळा हिंदीतून शिकतो आणि कॉलेजात इंग्रजी पुस्तकांपुढे बसतो. इंदूरला जाऊन-येऊन त्याचा दिवस मोडतो. त्याच्यासाठी डिजिटल ग्रंथालय ही चैन नाही. सुट्टीत गावी असताना त्याला दुसरं ग्रंथालयच नसतं.

मराठी वाचकाला धार-देवास परका मुलूख नाही. दोन्हीकडे पवारांचं राज्य होतं, देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या. पण मला इथे दुसरं नातं आठवतं, ते कारखान्यांचं. किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना देवासला १९६२ पासून आहे. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला १९८०च्या दशकात पुण्याचे उद्योग गेले; फिरोदियांची कायनेटिक होंडा स्कूटर तिथेच जुळत होती. आज तिथे नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटर लांबीचा वेगचाचणी मार्ग आहे. नर्मदेचं पाणी पंपांनी उचलून डहीच्या शेतांना देणारी सूक्ष्म सिंचन योजनाही आहे. म्हणजे इंजिनिअरिंग या मुलाच्या गावात पोचलंय. त्याचे निबंध, मानकं, नकाशे त्याच्यापर्यंत कसे पोचतात, एवढाच प्रश्न.

आधी पैशांचं बघू, कारण तिथे नुकताच मोठा पालट झालाय. २००३ मध्ये आयआयटी दिल्लीत मुख्यालय ठेवून ‘इंडेस्ट’ नावाचा संघ उभा राहिला. आयआयटीसारख्या संस्थांनी एकत्र येऊन प्रकाशकांशी घासाघीस करायची, अशी ती कल्पना. पुढे तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या एआयसीटीईने आपल्या अटींत ई-जर्नलं घातली आणि खासगी कॉलेजांनीही पॅकेजं विकत घेतली. तपासणी समिती येईल तेव्हा बिल दाखवायचं आणि पासवर्ड ग्रंथपालाच्या कपाटात ठेवायचा, असे प्रकार त्या काळात ज्याने कॉलेज जवळून पाहिलंय त्याला नवे नाहीत. मग २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक. १ जानेवारी २०२५ पासून अंमल, आणि तो करायचा इन्फ्लिबनेटने.

या आकड्यांतला ‘सरकारी’ हा शब्द पुन्हा वाचावा. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली. त्या निर्णयाने महाराष्ट्राचा नकाशा बदलला; जिल्ह्याजिल्ह्यांत कॉलेजं निघाली आणि आज आपली बहुसंख्य इंजिनिअरिंगची मुलं खासगी कॉलेजात आहेत. ती सगळी या योजनेच्या पहिल्या टप्प्याबाहेर राहिली. म्हणजे डहीचा मुलगा एखाद्या सरकारी संस्थेत शिरला, तर पुण्यात कितीतरी पट फी भरून शिकणाऱ्या मुलापेक्षा वाचण्याच्या बाबतीत तो श्रीमंत ठरू शकतो. सवलत खेड्याला, बोजा शहराला असं क्वचित घडतं, आणि इथेही ते ठरवून घडलेलं नाही. दुसऱ्या टप्प्यात खासगी संस्थांना भागीदारीने सामावून घ्यायचं, तिसऱ्यात सार्वजनिक ग्रंथालयांतून कुणालाही वाचता यावं, असं योजनेच्या आखणीत आहे. महाराष्ट्रात गावोगाव हजारो शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, तेव्हा तो तिसरा टप्पा आपल्याच फायद्याचा. त्याच्यासाठी आवाज उठवायला मात्र कुणाला फारशी घाई दिसत नाही.

पैसा भरून दार उघडलं, पुढे काय? पहिल्या वर्षी ‘इंडक्शन’ असतं. मुलांना रांगेने ग्रंथालयात नेतात, कार्ड देतात, ओपॅकचा, म्हणजे पुस्तकांच्या यादीचा, संगणक दाखवतात, ‘शांतता पाळा’ सांगतात आणि अर्ध्या तासात कँटीनकडे सोडतात. पुढची तीन वर्षं ग्रंथालय म्हणजे रीडिंग हॉल आणि बुक बँक. अभ्यास चालतो तो लोकल लेखकांच्या पुस्तकांवर. पुण्यात ‘निराली’ आणि ‘टेकमॅक्स’, भोपाळ-इंदूरकडे ‘शिवानी’. त्यात वाईट काही नाही. परीक्षेला तेच पुरतं, आणि परीक्षेला जे पुरतं ते मुलं वाचणार. महाराष्ट्रातल्या मुलाला तर ‘जर्नल वाचलंस का’ विचारलं, की तो दचकून ‘सर, सर्टिफाय करून घेतलंय’ म्हणतो. त्याच्या लेखी जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही, सीनियरकडून उतरवलेली.

मग शेवटच्या वर्षी एकदम ‘लिटरेचर सर्व्हे’ अंगावर येतो. पंधरा पेपर वाचा आणि प्रत्येकाचा सारांश लिहा. मागच्या बॅचचा रिपोर्ट पेनड्राइव्हवर येतो, त्यातले दहा पेपर तसेच उचलले जातात, पाच नवे घातले जातात. असा रिपोर्ट दर वर्षी पाच पेपरांनी ताजा होतो. मुलं आळशी आहेत म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे शोधण्यासारखा प्रश्न नसतो, म्हणून होतं. विषय गाइडने दिलेला, नाव सीनियरचं, मग शोधायचं काय? प्रश्न स्वतःचा असला की शोध कसा बदलतो ते एका उदाहरणाने पाहू. उदाहरण माळव्याच्या आणि आपल्याही पायाखालचं आहे.

काळी माती. माळवा, निमाड, खानदेश, विदर्भ, मराठवाडा, सगळीकडे ती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेलं घर, रस्ता, कालव्याचं अस्तर, सगळं तडकतं. डहीच्या मुलाने हे लहानपणापासून पाहिलेलं असतं. समजा, त्याने प्रोजेक्ट घेतला, आमच्या गावच्या काळ्या मातीत चुना आणि कोळशाची राख मिसळली तर तिचं फुगणं किती कमी होतं. प्रयोग साधा आहे. भारतीय मानक २७२०, भाग ४०. चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन उभ्या मोजनळ्यांत घ्यायची, एकीत रॉकेल, दुसरीत ऊर्ध्वपातित पाणी ओतायचं आणि चोवीस तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन उंचींतल्या फरकाची टक्केवारी काढायची. प्रयोगशाळेत हे दोन दिवसांत होईल. पण याआधी कुणी काय केलंय, हे शोधायला तो संगणकापुढे बसतो.

तो लिहितो, ‘ब्लॅक कॉटन सॉइल’. शाळेच्या पुस्तकात त्याने हेच नाव वाचलेलं असतं. निबंधांचा ढीग येतो, आणि जवळजवळ सगळे भारतातले. त्यातले कित्येक त्याच्यासारख्याच प्रोजेक्टांमधून निघालेले, पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांतले, एकमेकांचेच आकडे फिरवणारे. इथेच तो थांबला तर त्याला वाटणार, की जगात या मातीवर काम म्हणजे एवढंच. आता शेजारी कुणी जाणता ग्रंथपाल बसलेला असेल, तर तो सांगेल, ‘एक्स्पान्सिव्ह सॉइल’ असं टाकून बघ. लगेच टेक्सास, ऑस्ट्रेलिया, इस्राएल, सुदान आणि चीन पुढे येतात. माती तीच, पत्ता दुसरा. खनिजाच्या बाजूने जायचं तर ‘मॉन्टमोरिलोनाइट’. मग माती का फुगते, थरांच्या मध्ये पाणी कसं शिरतं, हे सांगणारे रसायनवाले भेटतात. आणि ‘व्हर्टिसॉल’ टाकलं की शेतीशास्त्रज्ञांचं अख्खं गाव उघडतं, ज्यांचा इंजिनिअरांशी बोलण्याचा संबंधच फारसा येत नाही. पाऊस पडल्यावर ही माती किती खोलवर ओली होते याचे सर्वांत चांगले आकडे मात्र त्यांच्याचकडे असतात.

एका मातीचे असे चार पत्ते. ते कुठल्याही शोधयंत्राच्या सूचनापुस्तकात नसतात. अवतरणचिन्हांत शब्द घातले की ते एकत्रच शोधले जातात, मधे ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ घालता येतं, वर्षाची मर्यादा घालता येते, या गोष्टी एका दुपारी शिकवता येतात. चार पत्ते माहीत असणं ही वेगळी गोष्ट. ते माणसाकडून माणसाकडे जातं. मालवणात कुठला मासा कुठल्या नावाने विकतात हे जसं बाजारात चार वेळा गेल्याशिवाय कळत नाही, तसंच.

आता पुढची पायरी, आणि मला विचाराल तर खरी मजा इथे आहे. त्या निबंधांच्या ढिगात एक नाव पुन्हा पुन्हा दिसतं, कट्टी. आर. के. कट्टी, आयआयटी मुंबईचे स्थापत्यशास्त्राचे प्राध्यापक. काळ्या मातीवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि तिला वेसण घालायची एक वेगळीच रीत काढली. चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारे मीटरभर जाडीचा थर काळ्या मातीवर दाबून बसवायचा. वरच्या थराच्या चिकटपणामुळे खालच्या मातीचं फुगणं आवरलं जातं. नुसतं वजन ठेवून हे साधत नाही, हा त्यातला मुद्दा. इंग्रजी आद्याक्षरांवरून ही रीत ‘सीएनएस’ म्हणून ओळखली जाते आणि कर्नाटकातल्या मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांवर ती वापरली गेली. कट्टींचं या विषयावरचं गाजलेलं व्याख्यान १९७९ मध्ये ‘इंडियन जिओटेक्निकल जर्नल’च्या नवव्या खंडात छापलं गेलं.

शेकडो निबंधांच्या शेवटी ‘कट्टी, १९७९’ असा उल्लेख असतो. त्यातल्या किती लेखकांनी तो लेख प्रत्यक्ष उघडला असेल? मला शंका आहे. ते जर्नल आज स्प्रिंगरकडे आहे, पण स्प्रिंगरकडे ते गेलं पुष्कळ नंतर. जुना खंड शोधायचा तर दुसऱ्या वाटेने जावं लागतं, एखाद्या जुन्या कॉलेजच्या बांधीव खंडांच्या कपाटाकडे किंवा जिओटेक्निकल सोसायटीकडे. बहुतेक जण ही वाट न चालता दुसऱ्याचा उल्लेख उतरवून मोकळे होतात. पानाचा आकडा एकाने चुकवला की पुढचे वीस जण तोच चुकीचा आकडा छापतात. इथे डहीच्या मुलाला एक सोपी आडवाट आहे. फुगणाऱ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तरासाठी भारतीय मानक ९४५१ आहे, आणि त्यात हा न फुगणारा थर आलेला आहे. प्रोफेसरांचं संशोधन मानकात उतरलं, मानकातून कालव्यावर गेलं. निबंधातून मानकाकडे आणि मानकातून परत मूळ निबंधाकडे अशी ये-जा ज्याला जमली, त्याला ग्रंथालय वापरता येतं असं मी म्हणेन. पंधरा पेपरांची यादी करता आली म्हणून नाही.

मानकांचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा रेंगाळतो. इंजिनिअरला साहित्यिकासारखी जुनी आवृत्ती चालत नाही. काँक्रीटचं मिश्रण कसं ठरवायचं याचं भारतीय मानक १०२६२ घ्या. पहिलं १९८२चं, सुधारित २००९चं, पुन्हा सुधारित २०१९चं. १९८२च्या मानकात काँक्रीटमध्ये अडकलेल्या हवेचा हिशेब होता, २००९ मध्ये तो काढला, २०१९ मध्ये परत आला. अपेक्षित ताकद काढायच्या सूत्रात २०१९ मध्ये आणखी एक अट आली, दोन उत्तरांपैकी मोठं असेल ते घ्यायचं. आणि उच्च शक्तीचं, म्हणजे एम-६५ आणि त्याच्या वरचं काँक्रीट त्यात नव्याने आलं. आता नेटवर मानकाचा नंबर टाकला की तिन्ही आवृत्त्यांच्या पीडीएफ कुठल्या ना कुठल्या साइटवर पडलेल्या सापडतात. दिसायला सारख्या, पहिल्या पानावर तोच शिक्का. नुसत्या नंबरावर भिस्त ठेवणारा मुलगा १९८२चं घेऊन गणित सोडवतो, उत्तर येतं, व्हायव्हात खपूनही जातं. बांधकामाच्या साइटवर खपत नाही.

इथे एक लढाईसुद्धा झालीय. पूर्वी मानकं विकत घ्यावी लागत. कार्ल मालामूद या अमेरिकन गृहस्थाने ती नेटवर फुकट ठेवली. त्याचं म्हणणं, जे नियम पाळणं सक्तीचं आहे ते वाचायला पैसे कसले? तो आणि त्याचे भारतीय सहकारी २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले. पुढे मानक ब्यूरोने स्वतःच्या पोर्टलवर भारतीय मानकं नोंदणी करून फुकट उतरवून घेण्याची सोय केली. आता अधिकृत, ताजी, दुरुस्तीपत्रांसह प्रत दोन मिनिटांत मिळते. तरीही मुलं व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली, कुणा कोचिंग क्लासचा वॉटरमार्क मारलेली जुनी प्रतच वापरताना दिसतात, कारण ती हाताशी असते.

ज्ञानाला कुलूप घालण्याचा विषय धारला नवा नाही. राजा भोज धारचा, अकराव्या शतकातला. त्याच्या नावावर ‘समरांगण सूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा मोठा ग्रंथ आहे आणि त्यात यंत्रांवर एक अख्खा अध्याय आहे, आपोआप हलणाऱ्या पुतळ्यांपासून पाण्याच्या यंत्रांपर्यंत. त्यात ग्रंथकार स्पष्ट सांगतो, की यंत्रं कशी जोडायची ते इथे सांगितलेलं नाही, ते माहीत नाही म्हणून नव्हे, गुप्त राहावं म्हणून. हजार वर्षांपूर्वीचं हे प्रांजळ पेवॉल. निदान कारण सांगितलं, हे कौतुकाचं.

तो ग्रंथ आज आपल्याला वाचायला मिळतो तो एका मराठी राजाच्या पैशामुळे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याने ‘गायकवाड ओरिएंटल सिरीज’मध्ये टी. गणपतिशास्त्रींकडून त्याचं संपादन करून घेतलं आणि १९२४-२५ मध्ये दोन भागांत छापलं. पुढे भारतात ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने आणि अमेरिकेतल्या कार्नेगी मेलनच्या साथीने, दहा लाख पुस्तकांचं स्वप्न घेऊन. लाखो पुस्तकं स्कॅन झाली. पण नोंदी इतक्या घाईने केल्या, की लेखकाच्या जागी प्रकाशक, वर्षाच्या जागी शून्य, पानं उलटी किंवा गायब. नंतर ती मूळ साइटच बंद पडली. सुदैवाने तोवर बऱ्याच प्रती इंटरनेट अर्काइव्हवर गेल्या होत्या. तिथे आजही भोजाचा हा ग्रंथ शोधायचा तर नाव रोमन लिपीत जोडून, तोडून, मधे रेघ देऊन, शेवटचा ‘अ’ ठेवून आणि काढून, असं सगळं टाकून बघावं लागतं. नोंदणी नीट नसेल तर पुस्तक असून नसल्यासारखं होतं. ग्रंथपालाचं काम काय असतं ते इतक्या लख्खपणे दुसरीकडे क्वचितच दिसतं.

बडोद्याचं नाव आलं म्हणून आणखी थोडं. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला. त्याने शहरापासून खेड्यापर्यंत ग्रंथालयांची साखळी बांधली, पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरवल्या आणि १९११ मध्ये ग्रंथपाल घडवायचा वर्ग सुरू केला, भारतातला पहिला. त्याच्याही आधी, १८९० मध्ये, त्याच बडोद्यात कलाभवन निघालं होतं. प्रा. त्रिभुवनदास गज्जरांनी तंत्रशिक्षण देशी भाषांतून द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी गुजराती-मराठीत तांत्रिक पुस्तकं काढवली. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुस्तक, ते पोचवणारी पेटी, ती उघडून दाखवणारा माणूस, तिन्हींचा विचार एकाच दरबाराने एकाच पिढीत केला. आपण पहिल्या दोहोंवर हजारो कोटी घालतो. तिसऱ्याचं पद रिक्त असतं.

रिक्त, म्हणजे खरोखर रिक्त. कितीतरी कॉलेजांत ग्रंथपालाच्या खुर्चीवर सहायक बसतो, किंवा ग्रंथपालाला परीक्षा विभागाचं, प्रवेशाचं, नॅकच्या फायलींचं काम लावलेलं असतं. त्याला वेळापत्रकात तास नाही. शिकवणं हे त्याचं काम आहे असं शिक्षकांनाही वाटत नाही आणि बरेचदा त्यालाही. मग शिकवतं कोण? आयआयटी खरगपूरने उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी प्रकाश जावडेकरांनी देशाला अर्पण केलं. फार मोठं काम आहे. पण त्याचा बराचसा भाग हा पाटीसारखा आहे, वस्तू कुठे आहे ते दाखवणारा. दुवा दाबला की आपण मूळ साइटवर जातो आणि तिथे कुलूप असू शकतं. हे न कळलेला मुलगा दोनदा आपटतो आणि परत येत नाही. एनपीटीईएलचं मात्र उलट. हा उपक्रम २००३ मध्ये सुरू झाला; आयआयटीच्या मास्तरांची व्याख्यानं तिथे आहेत, फुकट, आणि आता यूट्यूबवरही. तिथे मुलं आपसूक जातात, कारण बघायला सांगावं लागत नाही. वाचायला सांगावं लागतं.

भाषेचा अडसर आहेच. एआयसीटीईने २०२१ मध्ये भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, आणि पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने मराठीतून संगणक अभियांत्रिकीची तुकडी काढली. ई-कुंभ पोर्टलवर मराठी पाठ्यपुस्तकं आहेत, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. याचा उपयोग संकल्पना समजण्यासाठी मोठा आहे, त्याला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण शोधनिबंधांच्या पेटाऱ्याला इंग्रजी किल्लीच लागते, निदान आज. गवंड्याची ‘खडी’, इंदूरकडची ‘गिट्टी’, आणि शोधखिडकीतलं ‘अॅग्रिगेट’ यांची सांगड ज्याने स्वतःच्या वहीत एकदा घातली, त्याचं निम्मं काम झालं. मी कॉलेजच्या कार्यकारिणीवर असतो तर पहिल्या वर्षाला अशी वही सक्तीची केली असती. तिला मार्कही दिले असते, नाहीतर कुणी करणार नाही.

दोन चोरवाटांबद्दल बोलल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. एक साय-हब. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान हिने २०११ मध्ये ती काढली आणि जगातल्या कुलूपबंद निबंधांचा साठा फुकट उघडला. एल्सव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २०२५ मध्ये न्यायालयाने ती साइट बंद करायचे आदेश दिले. कायद्याने जे झालं ते झालं. पण एवढी वर्षं आपले हुशार विद्यार्थी तिथे का जात होते, याचं उत्तर न्यायालयाने द्यायचं नव्हतं, कॉलेजांनी द्यायचं होतं. दुसरी वाट नवी आहे. एआयला विचारायचं, ‘काळ्या मातीवरचे दहा पेपर दे’. तो देतो. नावं भारतीय, शीर्षकं झकास, वर्षं पटण्यासारखी. त्यातले काही जन्मालाच आलेले नसतात. तपासायची रीत सोपी आहे. हल्लीच्या बहुतेक निबंधांना डीओआय नावाचा क्रमांक असतो, तो टाकायचा. निबंध उघडला तर आहे, नाही उघडला तर शीर्षक अवतरणचिन्हांत शोधायचं. कट्टींच्या काळातल्या निबंधांना डीओआय नसू शकतो, म्हणून दुसरी पायरी गाळायची नाही. हे जो करत नाही त्याचा लिटरेचर सर्व्हे आता सीनियरचाही उरलेला नसतो.

आणि सगळी दारं बंदच निघाली तर? खासगी कॉलेजातल्या, ज्यांच्याकडे ना सरकारी वर्गणी ना कॉलेजचं पॅकेज, अशा मुलांसाठी एक कायदेशीर आणि फुकट वाट आहे, ती कमालीची कमी वापरली जाते. निबंधाच्या पहिल्या पानावर लेखकाचा ईमेल असतो. गोषवारा कुणालाही दिसतो, ईमेलही बहुधा दिसतो. त्याला लिहायचं. निबंधाच्या कमाईतला पैसाही लेखकाला मिळत नसतो. कुणीतरी आपलं काम वाचू मागतंय याचा त्याला आनंदच होतो, आणि पुष्कळदा दोन-चार दिवसांत पीडीएफ येते. कधी सोबत दुसरे दोन निबंधही येतात. मुलं लिहीत नाहीत ती भिडेने. इतक्या मोठ्या माणसाला कसं लिहायचं, इंग्रजी चुकलं तर. पाच ओळी पुरतात. मी कोण, कुठल्या कॉलेजात, कुठल्या मातीवर काम करतोय, तुमचा कुठला निबंध हवाय, आभार. ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिण्याआधी समोरची व्यक्ती सर आहे की मॅडम ते बघून घ्यावं. आणि हे पत्र कॉलेजने दिलेल्या पत्त्यावरून पाठवावं, दहावीत उघडलेल्या, नावापुढे ‘किंग’ लावलेल्या पत्त्यावरून नको.